बंड्या, मगर आणि तीन फूट पाणी: सांगलीतल्या एका उन्हाळी बॅचमधलं प्रकरण

मुलगा, वय सहा, सिनिअर केजी संपवून पहिलीत जाणारा. नाव बदललंय, आपण त्याला बंड्या म्हणू. घर सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. घरात आई, बाबा, आजी आणि एक चुलत बहीण, जी मी शिकवते त्याच पोहण्याच्या टँकवर येते आणि मस्त पोहते. काळ २०२५ चा उन्हाळा. मी उन्हाळ्यात लहान मुलांची पोहण्याची बॅच घेते, आणि हे सगळं त्याच्या आईबाबांना विचारूनच लिहितेय, कारण अशी मुलं दरवर्षी असतात आणि दरवर्षी त्यांच्यासाठी तोच एक उपाय सुचवला जातो की टाका पाण्यात, होईल सरळ.

तक्रार साधी होती, पोरगं पाण्यात उतरत नाही. आदल्या वर्षी त्याला दुसरीकडं एका क्लासला घातलेलं, तिथं सुरुवातीलाच उचलून खोल बाजूला सोडला, लगेच धरलाही, पण नाकातोंडात पाणी गेलं आणि तिथनं पुढं टँकच्या रस्त्याला गाडी वळली की हा मागच्या सीटवर रडायला लागायचा. घरी डोक्यावरून अंघोळ बंद. केस धुवायचे म्हणजे दोन माणसं लागायची, एक धरायला एक पाणी घालायला. आईचं म्हणणं, मॅडम, पोहायला नाही आलं तरी चालेल, निदान डोकं तरी धुवून घेऊ दे. बाबांचं म्हणणं उलट, तुम्ही बिनधास्त टाका, मी तुम्हाला काही बोलणार नाही. मामा सोबत आलेला वाळव्याकडून, त्यानं तर हसून सांगितलं, "आमच्याकडं काय टँक हाय का मॅडम, कमरंला डबा बांधायचा आन द्यायचं ढकलून हिरीत, दोन दिसांत पोरगं पवायला लागतंय."

मामाच्या बोलण्यावर जरा थांबते, कारण हे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच आणि ते अगदी खोटं नाही. विहिरीत खरंच हजारो पोरं शिकली. पण नीट विचारलं की वेगळंच निघतं. मामाला विचारलं, तुम्ही पहिल्यांदा विहिरीवर कधी गेला? म्हणला, लहानपणापासनं. म्हणजे आधी दोन-तीन उन्हाळे हा पायऱ्यांवर बसून मोठ्यांचे मुटके बघत होता, शेवटच्या पायरीवर कंबरभर पाण्यात धरून धरून खेळत होता, मग पाठीला डबा नाहीतर सुकवलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, कमरेला दोर, दोराचं टोक चुलत्याच्या हातात, आणि खाली पाण्यात आणखी एक चुलता. एवढं सगळं झाल्यावर तो धक्का. लोकांना लक्षात फक्त धक्का राहतो. आणि जी पोरं त्या धक्क्यानंतर परत कधी विहिरीकडं फिरकली नाहीत ती आज मोठी माणसं आहेत, ती काय आपली गोष्ट लग्नात रंगवून सांगत नाहीत. आमच्या टँकवर चाळिशीतले असे लोक येतात शिकायला, पहिलं वाक्य तेच असतं, लहानपणी ढकललं होतं.

तर पहिले काही दिवस मी त्याला पाण्यात घ्यायचा प्रयत्नच केला नाही. नुसतं बघितलं, कशाला घाबरतोय. "पाण्याला घाबरतो" हे फार ढोबळ झालं. कुणी तोंडावर पाणी उडालं की घाबरतं, कुणी पाय तळाला टेकत नाहीत म्हणून, कुणी शिट्टीच्या आणि आरडाओरड्याच्या आवाजाला (पत्र्याचं शेड असलं की आवाज किती घुमतो ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही), कुणाला तर नुसती थंडी वाजत असते आणि आपण त्याला भीती म्हणतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानानं अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळं ती आपल्यापेक्षा लवकर गार पडतात. सकाळच्या बॅचला एप्रिलमध्येसुद्धा पाणी गारच असतं. म्हणून आधी बंड्याला संध्याकाळच्या बॅचला हलवला, दिवसभर ऊन खाऊन छोट्या टँकचं पाणी तोवर कोमट झालेलं असतं, आणि थरथर निम्मी तिथंच गेली. हा सगळ्यात फुकटचा उपाय आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो.

उरलेल्या निम्म्याचं काय. काठावर बसून पाय सोडायचा, ते चालायचं. पण नजर सारखी पाण्याखाली आणि पलीकडं खोल बाजूला, जिथं फरशीचा निळा रंग गडद दिसतो. तळाला जिथं जाळी बसवलेली असते तिकडं बोट दाखवून एक दिवस विचारलंन, "मॅडम, ती जाळी पक्की आहे का?" म्हटलं हो. "रात्री काढतात का?" नाही रे, कशाला काढतील. बराच वेळ गप्प. मग अगदी हळू, "मग ती येत नाही ना?"

कोण?

"मगर."

आता बाहेरगावच्या माणसाला यावर हसू येईल. सांगलीच्या माणसाला येणार नाही. कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात तर नदीवर जाणारा प्रत्येक माणूस काठ बघूनच पाण्यात उतरतो, हल्ल्यांच्या बातम्या पेपरात आल्यात, पूर ओसरला की कुठं कुठं मगर दिसली त्याचे व्हिडिओ आठवडाभर प्रत्येक ग्रुपवर फिरतात. बंड्याची आजी त्याला लहानपणापासून सांगत आलीय, घाटावर एकटं जाऊ नको, मगर ओढून नेईल. यात आजीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नदीकाठच्या घरात चार वर्षांच्या पोराला घाटापासून लांब ठेवायचं तर दुसरं काय सांगणार. त्यात पुराच्या गोष्टी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा हा काही महिन्यांचा, याला घेऊन आई दुसऱ्या मजल्यावर बसलेली. २०२१ च्या जुलैत परत तेच. याला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, पण घरात पाणी हा विषय निघाला की मोठ्यांचे आवाज बदलतात हे पोरांना बरोबर कळतं. मग त्याच्या डोक्यात हिशोब सरळ होता की पाणी आपोआप घरात येतं, पाण्यात मगर असते, आणि मोठी माणसं म्हणतात काही होत नाही आणि मग खोल पाण्यात सोडतात.

म्हणून "मगर बिगर काही नसतं रे वेडा" हे वाक्य इथं चालणारच नाही. त्याला माहितीय की असते, व्हिडिओ बघितलाय त्यानं. आपण एकदा असं उडवून लावलं की आपलं पुढचं वाक्यही बाद. मी म्हटलं, नदीत असते, खरं आहे. टँकमध्ये पाणी कुठून येतं ते तुला दाखवू?

मग पंपरूम. बाबापण आले सोबत. तळाच्या जाळीतून पाणी पाइपातून इकडं येतं, या मोठ्या पिंपासारख्या फिल्टरमध्ये वाळू भरलेली असते, तिच्यातून गाळून, औषध घालून परत टँकमध्ये जातं. हा काटा बघ, हा पाण्याचा दाब दाखवतो. पाइपाचं तोंड त्यानं स्वतःच्या विती लावून मोजलं, आणि निष्कर्ष काढला की मगरीचं पिल्लूसुद्धा अडकेल. (पालकांनो, जाळी जागच्या जागी घट्ट आहे का हे तुम्हीही विचारत जा, मगरीसाठी नाही, सुटलेल्या जाळीच्या ओढीत केस नाहीतर हात अडकू शकतो म्हणून.) मग त्याला गॉगल घातला आणि काठावर पालथा झोपवून, मी पाय धरलेले, नुसता गॉगल पाण्याला टेकवून तळ बघायला लावला. गॉगलनं जे केलं ते माझ्या बोलण्यानं कधी झालं नसतं. आंधळेपणानं विश्वास ठेव म्हणण्यापेक्षा बघून घे म्हणणं बरं.

पण इथं एक खाच आहे. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या, मॅडम पंपरूम बघूया. तिसऱ्या दिवशी परत. आणि पाण्यात असताना दर दोन मिनिटांनी, जाळी आहे ना? आहे. आहे ना? हो रे. प्रत्येक उत्तरानं त्याला दोन मिनिटं बरं वाटतं आणि प्रश्न आणखी पक्का होतो, कारण एवढं तपासावं लागतंय म्हणजे काहीतरी धोका असणारच की. हे लहानांचंच नाही, रात्री तीनदा गॅस बंद आहे का बघणाऱ्या मोठ्यांचंही असंच असतं. मग ठरवलं, पंपरूम आता आठवड्यातून एकदा, शनिवारी. पाण्यातला प्रश्न आला की मी उत्तर देणार नाही, उलट विचारणार, तुला काय वाटतं? पहिल्यांदा चिडला. मग स्वतःच म्हणायला लागला, आहे. मग विचारायचंच विसरला, आणि शनिवारही विसरला.

घरचं काम समांतर चालू होतं आणि मला विचाराल तर अर्धी लढाई बाथरूममध्येच झाली. नियम एकच, डोक्यावर पाणी कोण घालणार? तो. तांब्या त्याच्या हातात. आधी खांद्यावर, मग मानेवर, मग कपाळाच्या वरून मागं, मग कधीतरी चेहऱ्यावरून. आईनं घालायचं झालं तर आधी "एक दोन तीन" म्हणायचं आणि तीनलाच घालायचं, दोनला नाही. हे "दोनला नाही" फार महत्त्वाचं, कारण आपल्याला वाटतं गाफील असताना पटकन घातलं की बरं, होऊन जातं, आणि नेमकं तेच पोराला कळतं की मोठ्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. शिवाय बादलीत तोंड घालून बुडबुडे काढणं, आणि तोंड बंद करून "म्म्म्म" करणं. म्म्म करताना नाकातून हवा बाहेर जात राहते, त्यामुळं पाणी आत शिरत नाही. घाबरलेलं मूल नेमकं उलट करतं, मोठा श्वास ओढून गच्च धरून ठेवतं, मग पाण्यात गेल्यावर सोडायचं का घ्यायचं ते कळत नाही आणि ठसका. म्हणून आमच्याकडं श्वास रोखायला शेवटी शिकवतो, सोडायला आधी.

आजीला हे सगळं थिल्लर वाटायचं. तांब्यानं अंघोळ घालायला का क्लास लावलाय, म्हणाल्या. पण करायच्या मात्र त्याच, आणि आकडे पण त्याच म्हणायच्या, खणखणीत.

टँकवर पायऱ्या-पायऱ्यांनी. छोट्या टँकमध्ये पाणी त्याच्या मांडीपर्यंत, तिथं नुसतं चालणं, बॉल पकडणं, तळाशी टाकलेली रिंग पायानं उचलणं, मग हातानं, म्हणजे हनुवटी आपोआप पाण्याला लागते. पुढची पायरी कधी घ्यायची हे तो ठरवणार, पण पायरी घ्यायचीच नाही असा पर्याय नाही. हे दोन्ही एकत्र लागतं. नुसतं "त्याला हवं तेव्हा" म्हटलं तर अख्खा उन्हाळा काठावर जातो, कारण टाळलं की लगेच बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यानंच भीती टिकते. नुसतं "आत्ताच" म्हटलं तर आदल्या वर्षीचं प्रकरण. ही काही आमच्या टँकची अक्कल नाही, १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावर असंच काम करून लिहून ठेवलंय, तो खाऊ खाताना ससा लांबून दाखवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा, न घाबरणारी मुलंही आसपास खेळत ठेवायची, शेवटी पोरानं सशाला हात लावला. आपण शंभर वर्षांनंतरही ढकलायचं का यावर वाद घालतोय.

न घाबरणारी मुलं आसपास, यावरून बहिणीचं. घरच्यांना वाटायचं तिला बघून हा शिकेल. झालं उलटं. ती इतकी पुढं होती की तिला बघून याला स्वतः काय करायचं ते काहीच कळायचं नाही, आणि वर घरी रोज, बघ ताई कशी जाते. मी त्याला बॅचमधल्या दुसऱ्या एका घाबरटाबरोबर जोडला, जो याच्यापेक्षा जेमतेम एक पायरी पुढं होता. तोही आधी थरथरला आणि मग त्यानं तोंड घातलं, हे बंड्यानं डोळ्यांनी बघितलं. पुढच्या मिनिटाला यानंही घातलं. कुणी काही सांगितलं नाही.

मधे एक दिवस सगळं फिस्कटलं. रविवार, गर्दी, मोठ्या पोरांनी बाजूच्या टँकमध्ये मुटके मारायला सुरुवात केली, मोठा फवारा याच्या तोंडावर आणि त्याच क्षणी पाठीमागं कोचची शिट्टी. हा किंचाळला, शिडी धरली, सोडेना. बाबा काठावरून, ये बाहेर ये, घरी जाऊ. मी त्यांना हातानं थांबवलं. भीती टिपेला असताना घरी नेलं तर डोक्यात पक्कं बसतं की पळालो म्हणून वाचलो. आणि त्याच वेळी परत मघाचंच करायला लावणं म्हणजे दुष्टपणा. मग मधलं काढलं. शिडीवरच बसलो दोघं, पाय पाण्यात, टॉवेल खांद्यावर, काही बोललो नाही. रडू ओसरल्यावर म्हटलं, रिंग पायानं उचलतोस? जे त्याला पहिल्या आठवड्यापासून येत होतं ते. उचलली. बास, आज एवढंच, चला भडंग खाऊ. बाबांना तो दिवस वाया गेल्यासारखा वाटला, मला मात्र त्या उन्हाळ्यातला तोच दिवस सगळ्यात कामाचा वाटतो, कारण घाबरून झाल्यावरही पाण्यातच थांबता येतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बाबांनी मधे सायकलचं आमिष पण दाखवलेलं, या महिन्यात पोहायला आलं तर सायकल. ते काढून टाकायला लावलं. एवढं मोठं बक्षीस म्हणजे पोराला वाटतं काम तेवढंच भयंकर असणार, आणि नाही जमलं तर भीती आणि वर सायकल पण गेली. त्यापेक्षा घरी गेल्यावर आज काय केलं ते आजीला सांगायचं, आजीनं ऐकायचं, एवढं पुरलं. एकदा त्याला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली, आपल्याच जिल्ह्यातल्या पेठचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून आले. मला वाटलं स्फूर्ती वगैरे येईल. त्यानं विचारलं, त्यांना पण पहिल्यांदा कुणी ढकललं होतं का?

तरंगणं सगळ्यात अवघड गेलं. उताणं झोपायचं म्हणजे कान पाण्याखाली, आवाज बदलतात, तळ दिसत नाही, म्हणजे गॉगलचा आधारही गेला. घाबरून मान वर उचलली की कंबर खाली जाते, कंबर गेली की पाय, आणि मग बुडतोय असंच वाटतं. मानेखाली माझा हात, डोकं माझ्या खांद्यावर टेकवलेलं, दोघंही वर पत्र्याकडं बघतोय, छातीत हवा भरून ठेव, बघ तूच वर येतोयस. हात काढताना सांगून काढायचा. आधी पूर्ण तळवा, मग तीन बोटं, मग एक, आणि एक बोटाचं नाटक बरेच दिवस चाललं कारण बोटाचा खरं तर काहीच उपयोग होत नव्हता, ते त्यालाही माहीत होतं.

बॅच संपताना काय स्थिती होती. छोट्या टँकमध्ये उताणा तरंगून दहा आकडे. भिंतीला पाय मारून तोंड पाण्यात घालून सरकणं. बोर्ड धरून पाय मारत रुंदीत एक फेरी. मोठ्या टँकच्या उथळ बाजूला, जिथं पाणी तीन फूट आहे, माझ्याबरोबर. खोल बाजू नाही, उडी नाही. घरी डोकं स्वतः धुतो, शाम्पूसकट, आणि आईच्या लेखी प्रकरण तिथंच यशस्वी झालं. बाबांना वाटत होतं एका उन्हाळ्यात सुट्टा पोहेल. त्यांनी विचारलं, सहा म्हणजे उशीर झाला का? नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही असंच आहे की चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं पोहण्याच्या शिकवणीला तयार होतात, सहाला काही बिघडत नाही.

मात्र एक गोष्ट बाबांना अगदी स्पष्ट सांगावी लागली. दहा आकडे तरंगतो म्हणजे पाण्यात सुरक्षित झाला असं नाही, उलट भीती गेलेलं अर्धवट शिकलेलं मूल जास्त सांभाळावं लागतं, कारण आता तो स्वतःहून पाण्याकडं जाणार. मूल पाण्यात असताना मोठं माणूस हात पोचेल एवढ्या अंतरावर पाहिजे, मोबाइल खिशात. दंडाला लावायचे फुगे हे खेळणं आहे, ते निसटतात, हवा जाते, जीव वाचवायचं साधन नाही ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत बिरडत नाही, बहुतेकदा शांतपणे खाली जातं.

आणि नदी. बाबांच्या मनात होतं की जूनच्या आत एकदा हरिपूरला संगमावर नेऊन दाखवावं, बघ आता भीती नाही. तिथं कृष्णेला वारणा मिळते, ओढ असते, तळ कुठं कसा खचलाय ते वरून दिसत नाही, टँकच्या तीन फुटांचा आणि त्याचा काही संबंध नाही. मी नाही म्हणायच्या आधी बंड्याच म्हणाला, "बाबा, तिथं खरी असते." ही भीती मी काढायला गेले नाही आणि जाणारही नाही.

पावसाळ्यात टँकला सुट्टी, दिवाळीनंतर परत सुरू करायचं ठरलंय, तेव्हा माझ्याऐवजी दुसरे सर असतील. त्यांच्यासाठी एक चिठ्ठी आईकडं देऊन ठेवलीय. शिट्टी त्याच्या पाठीमागून वाजवू नका. हात काढणार असाल तर सांगून काढा, आणि सांगितलं की काढाच. थंडीत पाणी गार असेल तेव्हा वीस मिनिटांत बाहेर, ओठ बघा. खोल बाजूला न्यायची घाई नको, तिकडच्या जाळीबद्दल तो स्वतः विचारेल, तेव्हा एकदा पंपरूम दाखवा, रोज नाही.